वाफ्यावरची विचारपूस

मला वस्तीत तोफ म्हणतात. समोर कुणी म्हणत नाही, तेवढी अक्कल सगळ्यांना आहे. पण नाव पडलंय, आणि ते उगाच पडलेलं नाही हे मलाही कबूल आहे. म्हणून आमच्या धाकटीचं कौतुक माझ्या तोंडून ऐकलं की लोक चाट पडतात. पडू देत. नऊ वर्षं त्याच जावेला मी मुखदुर्बळ म्हणून हिणवलं, आता खरं काय ते सांगायलाही मीच हवी.

आमचं काम मिठाचं. भरतीला समुद्राचं पाणी मोठ्या दारातून आत घ्यायचं, उन्हात आटवत एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात सोडायचं, आणि घट्ट झालं की वाफ्यांत आणायचं. वाफ्यात मीठ धरू लागलं की फळी मारायची. लांब दांड्याला आडवं फळकूट ठोकलेलं असतं, ते तळावरून ओढत न्यायचं आणि परत आणायचं, सकाळी एकदा, दुपारी एकदा. फळी मारली की मीठ सुटं, दाणेदार राहतं. दोन-तीन दिवस हयगय झाली की तळाला लादी धरते, मग पहार घातल्याशिवाय ती निघत नाही. त्यामुळे कुणाच्या घरी काय चाललंय हे आमच्यात विचारावं लागत नाही. बांधावरून चालत गेलं आणि वाफ्यात डोकावलं की कळतं. कळतं सगळ्यांना, बोलत कुणी नाही.

आमच्या दोन खोल्या, मधे भिंत, पुढे दोघींची मिळून एक पडवी. एका खोलीत मी आणि आमचे हे, दुसरीत भावजी, धाकटी आणि त्यांची मुलगी. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. उंचेपुरे, अंगानं भक्कम, वस्तीत त्यांच्यासारखी फळी कुणी मारत नसे. त्यांच्या वाफ्यातलं मीठ मुठीत घेतलं तर बोटांतून सरसर निसटायचं. हे सगळं गेल्या हंगामापर्यंत.

गेल्या हंगामात एका दुपारी समुद्राकडच्या त्या मोठ्या दारावर भावजींची पाळी होती. भरती वाऱ्यानं जरा लवकर चढली आणि भावजींचा डोळा लागला होता. दार खाली पडलं नाही, पाणी बांधावरून आत आलं आणि आमच्या ओळीतल्या सात घरांचं, दोन दिवसांत गाडीत भरायचं मीठ विरघळलं. लोक धावत आले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले. कुणी चकार शब्द काढला नाही. मी काढला. भावजींकडे बघून म्हणाले, "तुम्ही डोळा लावलात आणि सात घरांचं वर्ष पाण्यात गेलं." बास, एवढंच. सगळ्यांच्या मनातलं बोलले असं मला तेव्हा वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

त्या दिवसापासून भावजी गप्प झाले. जेवायला बसले की दोन घास आणि हात धुणं. दाढी वाढली. हंगाम पुन्हा सुरू झाला तरी त्यांच्या वाफ्यात पाणी नुसतं साचून राहायचं. लादी धरली, ती आमच्या ह्यांनी पहारीनं फोडली, पुन्हा धरली. मुकादमानं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगणार नाही म्हणाला. म्हणजे वाफा जाणार, आणि वाफा गेला की खोलीही जाते. पण धाकटीला त्याची भीती नव्हती. भावजी रोज त्या मोठ्या दारापाशी जाऊन पाण्याकडे बघत उभे राहायचे, ती भीती होती. ती काही ना काही निमित्त काढून मागे जायची, कधी मुलीला घेऊन, कधी डबा घेऊन, आणि त्यांना परत घेऊन यायची. तिनं मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं की माझं तेच वाक्य आठवायचं आणि मी दुसरंच काहीतरी बोलायची.

अशात शहरातल्या कॉलेजातून चष्मेवाल्या बाई आल्या, बरोबर दोन मुली आणि कागदांचे गठ्ठे. म्हणाल्या, कष्ट करणाऱ्या लोकांच्या मनाची तब्येत कशी असते याचा अभ्यास करतोय. झोप, काळजी, दारू, जगणं नकोसं होणं, असं सगळं विचारणार. गरज दिसली तर वजनकाट्याशेजारच्या खोलीत दर आठवड्याला मनाचा डॉक्टर येऊन बसेल. नाही दिसली तर तो दुसऱ्या वस्तीवर जाईल. प्रत्येक घरातून एकानं यायचं आणि उत्तरं द्यायची.

आता आमच्याकडे कागद घेऊन जो येतो तो माणसं निवडायला येतो. आजवर दुसऱ्या कशासाठी कुणी आलेलं नाही. मागे एकदा डोळे तपासायला म्हणून आले होते, आणि ज्यांचे डोळे बिघडलेले निघाले त्यांना वाफ्यावरून काढून पोती शिवायला बसवलं. तेव्हा लोकांनी जे करायचं तेच केलं. प्रत्येक घरानं आपला सगळ्यात धडधाकट माणूस पुढे केला. पलीकडच्या घरात खोकणारा नवरा आणि रात्रंदिवस रडणारी बायको, त्यांनी पाहुणा आलेला भाचा पाठवला, जोर-बैठका काढणारा. त्यानं आत जाताना शर्टाच्या बाह्या दुमडल्या. आमच्या घरातून मी गेले.

आणि भावजींना पोत्यांच्या शेडमध्ये नेऊन बसवलं. कुणी शोधत आलं तर दिसू नयेत म्हणून आमच्या ह्यांनी पुढे पोती रचली, वरून ताडपत्री ओढली. भावजींनी कशाला म्हणून विचारलं नाही. एवढा मोठा माणूस, गुडघे छातीशी घेऊन सकाळपासून दुपारपर्यंत त्या उकाड्यात बसून राहिला. धाकटी शेडच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला, आणि पुढे होऊन बाईंबरोबरच्या एका मुलीसमोर बसले. झोप लागते का? दगडासारखी. उदास वाटतं का? वेळ कुणाला आहे. जीव नकोसा होतो का? माझा नाही होत, दुसऱ्यांना माझा होत असेल. मुलगी हसली आणि भराभरा खुणा करत गेली.

महिन्याभरानं बाई परत आल्या. एवढं मात्र त्यांना दिलं पाहिजे, नाहीतर कागद घेऊन गेलेला माणूस आमच्याकडे पुन्हा कधी उगवलेला नाही. म्हणाल्या, तुमच्याकडून जे घेतलं ते आधी तुम्हालाच वाचून दाखवणार, चुकलं असेल तर सांगा. सगळे शेडखाली जमले. बाईंनी वाचलं की या वस्तीत लोकांना झोप चांगली लागते, काळजी कमी आहे, जगण्याचा कंटाळा कुणालाच नाही. लोक परीक्षेत पास झाल्यासारखे एकमेकांकडे बघू लागले. मुकादमानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. मीसुद्धा.

टाळ्या थांबल्या तेव्हा धाकटी उभी होती. मी तिचा पदर ओढला. तिनं माझी बोटं एक एक करून सोडवली.

"बाई, हा कागद खोटा आहे," ती म्हणाली. "तुम्ही खोटं लिहिलं नाहीत, आम्ही सांगितलं. तुम्ही आलात त्या दिवशी माझ्या नवऱ्याला आम्ही पोत्यांमागे लपवला होता. त्यांना झोप नाही, अन्न जात नाही. ते एक दिवस घरी येणार नाहीत म्हणून मी रोज त्यांच्या मागे मागे फिरते. ज्यांना विचारायला हवं होतं, ते सगळे त्या दिवशी मागे ठेवले होते."

मुकादम तिच्याकडे बघत होता, आमच्या ह्यांनी मान खाली घातली होती. भावजी शेवटच्या खांबापाशी उभे होते. मला वाटलं आता ते निघून जातील. गेले नाहीत. पलीकडच्या घरातली ती रडणारी बाई हळूच म्हणाली की आमचा तर भाचा होता, तो इथला नव्हेच. मग कुणी म्हणालं आमचंही तसंच. बाईंनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत घातला. त्यांचं वर्षभराचं काम तिथंच मातीत गेलं होतं. दुसरी कुणी असती तर गठ्ठा उचलून गाडीत बसली असती. त्यांनी धाकटीला विचारलं, मग कसं विचारायचं ते तुम्ही सांगा.

"उद्या सकाळी वाफ्यावर या," धाकटी म्हणाली. "चपला काढून."

बाई आल्या, खरंच अनवाणी आल्या. धाकटीनं त्यांच्या हातात फळी दिली. तिसऱ्या फेरीला तळहातांना फोड आले, पाचव्याला फुटले आणि त्यात खारं पाणी गेलं. बाईंनी ओठ दाबले, पण फळी सोडली नाही. तिथं मी त्यांना अर्धी मानली. उरलेली अर्धी पुढे मानली. मग धाकटीनं त्यांना बांधाबांधानं फिरवलं. हा वाफा बघा, दाणा सुटा आहे, इथलं बरं चाललंय. हा बघा, कडेला लादी धरतेय, आठवडा झाला असेल. हा पूर्ण बसलाय. तुम्हाला घर निवडायचं तर असं निवडा. आणि विचारताना समोर बसू नका, शेजारी उभ्या राहून फळी मारा, दोघांची नजर पाण्यावर. फळी मारताना माणसाला खोटं रचायला उसंत नसते. हे मी आयुष्यभर बघत आले होते, पण असं मांडून सांगावं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

धाकटी तेवढ्यावर थांबली नाही. कागदावर कुणाचं नाव लिहायचं नाही. मुकादम जवळपास नको. आणि कुणी काही सांगितलं म्हणून त्याचा वाफा जाणार नाही, असं मॅनेजरनं लिहून द्यायला हवं. बाई दोनदा ऑफिसात गेल्या आणि हात हलवत आल्या. तिसऱ्यांदा धाकटी बरोबर गेली. तिला आत घेतलं नाही, बाहेर उन्हात उभं केलं, बाकावर बसली तर पट्टेवाल्यानं उठवलं. दुपार उलटून गेली तरी ती तिथून हलली नाही, आणि बाईही तिला सोडून आल्या नाहीत. शेवटी पत्र मिळालं. धाकटीनं ते शेडखाली मोठ्यानं वाचलं, दोनदा. नऊ वर्षांत तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

मग आमच्या पडवीत दोघी प्रश्न घेऊन बसल्या. बाईंच्या कागदावर होतं, गेल्या दोन आठवड्यांत निराश वाटलं का? धाकटी म्हणाली, असं विचाराल तर म्हातारा काय आणि तान्हा काय, नाहीच म्हणेल. विचारा, सकाळी फळी उचलताना जड लागते का? बाई म्हणाल्या, त्यानं अर्थ बदलतो. धाकटी म्हणाली, तुमचं आणि माझं दोन्ही विचारून बघू. दोघींची खूप हुज्जत चालायची. मी आतून ऐकायची आणि मनात म्हणायची, आमच्या गरीब गाईला शिंगं फुटली. तसं एकदा तोंडावर म्हणालेही. धाकटी हसली आणि मला चहा टाकायला सांगितला.

आपल्याच घरातल्याला आपण विचारायचं नाही, असा नियम ठरला. म्हणून धाकटीनं आणखी दोघांना कामाला लावलं. एक पोती शिवणारी मावशी आणि दुसरे म्हातारबा. म्हातारबांनी सगळा जन्म वाफ्यावर काढला, मिठावरच्या लखलखाटानं दोन्ही डोळे गेले. मी म्हणाले, आंधळा काय डोंबल लिहिणार? धाकटीनं त्यांना पोती शिवायच्या सुतळीचे तुकडे कापून दिले. उत्तरात त्रास निघाला की एक गाठ मारायची. शेवटचा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. त्याला हो आलं तर दुसऱ्या टोकाला दुहेरी गाठ, आणि त्या माणसालाच विचारायचं की हे कुणाला सांगू. तो सांगेल त्याला त्याच दिवशी सांगायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

म्हातारबांना बांधावरून हात धरून न्यायला कुणीतरी हवं होतं. ते काम धाकटीनं भावजींना सांगितलं. मला राग आला, आधीच खचलेल्या माणसाला काय हमाली लावतेस म्हणून. पण भावजींना फळी धरायला शिकवली ती म्हातारबांनी, त्यांना ते नाही म्हणणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. मग रोज दिसायचं, पुढे भावजी, त्यांच्या खांद्यावर म्हातारबांचा हात. कुणाच्या वाफ्यापाशी पोचले की भावजी ऐकू येणार नाही इतके लांब जाऊन उभे राहायचे. काम झालं की परत खांदा द्यायचे. दारापाशी जायला आता वेळच उरत नव्हता.

असे दहा-बारा दिवस गेले. त्या दुपारी मी शेडमध्ये पोती शिवत होते आणि म्हातारबा आले. एकटे. काठीनं बांध चाचपत आले होते. माझ्या हातातला दाभण तसाच थांबला.

"बस, घाबरू नकोस," ते म्हणाले. "तो वाफ्यापाशी आहे, मावशी त्याच्याजवळ बसलीय." मग त्यांनी मुठीतली सुतळी माझ्या हातावर ठेवली. एका बाजूनं गाठीच गाठी. दुसऱ्या टोकाला दुहेरी गाठ होती, घट्ट ओढलेली.

"आज त्याला विचारलं. कुणाला सांगू म्हटलं, तर म्हणाला, वहिनीला सांगा."

मी म्हणाले, मला कशाला? बायकोला सांगायचं सोडून?

"मीही तेच विचारलं. म्हणाला, बायको आधीच अर्धी झालीय. आणि वहिनी निदान बोलते. बाकीचे सगळे मला बघून मान फिरवतात."

मी उठले. दाभण हातात होता हे अर्ध्या वाटेत कळलं. भावजी त्यांच्या वाफ्याच्या कडेला पाय खाली सोडून बसले होते, वाफ्यात पांढरीफटक लादी धरलेली. मावशी मला बघून उठली आणि लांब गेली. मी शेजारी बसले. तोफ म्हणतात मला, आणि मी त्यांच्या पायांकडे बघत बसले. त्यांच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. त्या भेगांकडे बघतच मी बोलले.

"भावजी, त्या दिवशी मी बोलले ते."

"खरंच होतं ते, वहिनी."

"अर्धं खरं होतं. तुमचा बदली माणूस आदल्या दिवशी आलाच नव्हता, तुम्ही दीड दिवस दारावर होतात. हे मला चार दिवसांनी कळलं. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नेमकं तेव्हाच मिटलं."

भावजी रडले. मोठ्यानं, तोंडावर हात न घेता रडले. मी पुरुषमाणसाला असं रडताना बघितलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग त्यांना उठवून धाकटीकडे घेऊन गेले. ती दुसऱ्या टोकाच्या वाफ्यावर कुणाला तरी विचारत होती. आम्हा दोघांना बघून तिनं फळी खाली ठेवली. मी सुतळी दाखवली. तिनं दुहेरी गाठ अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाली, "सांगितलंत ना. आता मी एकटी नाही." तिचे डोळे भरले होते, पण पाय चालू लागले होते. बाईंना निरोप गेला, त्यांची गाडी आली आणि दिवस मावळायच्या आत आम्ही शहरात डॉक्टरांसमोर बसलो होतो. धाकटी त्यांच्या उजव्या बाजूला, मी डाव्या.

तिसऱ्या दिवशी परत आलो. भावजींच्या वाफ्यावर माणसं दिसली, मला वाटलं मुकादमानं वाफा दिला दुसऱ्याला. जवळ गेलो तर पहारी चालू होत्या. ज्यांचं मीठ गेल्या वर्षी विरघळलं, त्याच सात घरांची माणसं, आमचे हे धरून, लादी फोडत होती. मुकादम पलीकडच्या बांधावर आला, त्यानं बघितलं आणि तो दुसऱ्या वाटेनं निघून गेला. मग भावजींनी विजार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पाण्यात उतरले.

डॉक्टर आता दर आठवड्याला वजनकाट्याशेजारी येऊन बसतात. बाईंनी दुसऱ्यांदा वाचून दाखवलं तेव्हा निम्म्याहून जास्त सुतळ्यांना गाठी निघाल्या होत्या. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण उठूनही कुणी गेलं नाही. कागदावर खाली बाईंचं नाव होतं, त्यांच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात धाकटीचं. भावजी गोळ्या घेतात. बहुतेक सकाळी फळी मारतात, काही सकाळी उठवतच नाही. त्या दिवशी त्यांच्या वाफ्यावर दुसरं कुणीतरी फळी मारून जातं. कोण ते आम्ही विचारत नाही.

एक काम राहिलं होतं. परवा सकाळी मी म्हातारबांना हात धरून माझ्या वाफ्यावर आणलं. म्हणाले, माझी सुतळी करा.

"तुझा कागद झालाय की पहिल्याच वेळी," ते म्हणाले.

मी म्हणाले, तो खोटा होता. त्यांनी खिशातून तुकडा काढला, हातभर मोजून घेतला. मी फळी पाण्यात टाकली आणि ओढू लागले. त्यांनी विचारलं, झोप लागते का?

मी फळी दुसऱ्या टोकापर्यंत नेली, वळवली आणि परत आणली. म्हातारबा थांबून होते.

"नाही," मी म्हणाले. "गेल्या हंगामापासून नाही."

त्यांनी गाठ मारली आणि पुढचं विचारलं.